मिथुन गेला त्याची भरपाई

तीर्थस्वरूप नर्मदामावशीस,

दुबईतल्या अल कुसैसहून उल्हासचा साष्टांग नमस्कार. तुझे गुडघे, दाभोळची हवा आणि काकांचा राग, तिन्ही आटोक्यात असतील असं धरून चालतो. माझं विचारशील तर पोटातली जळजळ थांबली, झोप लागते आणि खोलीतली मंडळी माझ्याशी पुन्हा बोलायला लागली आहेत. बोलत का नव्हती, ते सांगतो.

तुला ठाऊकच आहे, इथे कंपनीच्या बिल्डिंगमध्ये प्रत्येक खोलीची मेस वेगळी. (आमच्या खोलीत स्वयंपाक मी करतो. यावरून बाकीचं ओळख.) गावाकडून नवीन मुलं आली की त्यांतला रांधता येणारा कुणी पळवायचा यावरून पूर्वी हाणामारी व्हायची. म्हणून आम्हीच नियम केला: जी खोली वर्षभर सगळ्यात वाईट जेवली तिने पहिला माणूस निवडायचा, मग तिच्याहून जरा बरी जेवलेली, असं वर चढत जायचं. यंदा पहिला नंबर निर्विवाद आमचा होता. माझ्या डाळीने तो कमावला होता. आणि नेमका तेव्हाच जमालभाईंच्या खोलीतला मिथुन, ज्याच्या बांगड्याच्या कालवणाच्या वासाने आम्ही आमची डाळ गिळायचो, तो समोरच्या खोलीत राहायला गेला. कारण काय, तर त्यांनी त्याला एसीखालचा पलंग दिला! जमालभाई संतापून आमच्या साइटवरच्या ऑस्ट्रेलियन साहेबाकडे न्याय मागायला गेले.

साहेब भला माणूस, पण त्याला त्यांच्याकडच्या फुटबॉलचं वेड. (चेंडू न सोललेल्या नारळासारखा लांबट, मैदान क्रिकेटचं, आणि हातानेही ठोसा मारून चेंडू द्यायचा, तरी नाव फुटबॉल.) तिकडे म्हणे करार संपलेला जुना खेळाडू मोकळा होतो आणि मर्जीने दुसऱ्या क्लबात जातो. मग ज्यांनी तो गमावला त्यांना भरपाई म्हणून नवीन पोरांच्या निवडीत एक जादा नंबर मिळतो. गेलेला फारच मोठा असेल तर तो नंबर त्यांच्या स्वतःच्या पहिल्या नंबराला लागूनच. किती मोठा ते वय, पगार वगैरे बघून वरचे लोक ठरवतात. कसं ठरवतात ते साहेबालाही नीट सांगता आलं नाही.

त्याने तोच न्याय आम्हाला लावला. मिथुन गेल्यापासून जमालभाईंची खोली दुकानातल्या खुबूस रोट्या आणि उकडलेल्या बटाट्यावर आहे, म्हणजे सगळ्यात वाईट जेवणारे आता ते. पहिला नंबर त्यांचा. मिथुनची भरपाई त्याला लागून, म्हणजे दुसराही त्यांचाच. आणि वर्षभर करपलेलं खाऊन आम्ही तिसरे! मावशी, तूच सांग. मिथुनला नेलं समोरच्यांनी, त्यांच्या खिशाला काही झळ नाही. रडले जमालभाई, त्यांचे डोळे पुसले. आणि पुसायला फडकं कुणाचं, तर आमचं. मी हे बोलून दाखवलं तर साहेब हसून म्हणाला, आमच्याकडेही बाकीचे क्लब हेच म्हणतात, हबीबी. आणि खलास, हेल्मेट घालून निघून गेला. नियम मांडताना मीच पुढे होतो, म्हणून खोलीतल्यांनी माझ्याशी बोलणं टाकलं ते त्या दिवसापासून.

पण आता जीव भांड्यात पडलाय. न्याय-अन्यायाच्या पलीकडे गेलोय म्हण. मंडळींच्याही कानात एक गोष्ट सांगितली, तेव्हापासून तीही खुशीत आहेत. माझी काळजी करू नकोस.

तुझा,
उल्हास

ता. क. : तुझा दर्शन नव्या मुलांच्या याच तुकडीत येतोय. तुझ्या हाताखाली शिकलेलं त्याचं कालवण इथे अजून कुणाला ठाऊक नाही. त्याला बजाव, कुणी विचारलंच तर चहासुद्धा येत नाही म्हणायचं. आणि जमालभाईंची बदरुन्निसाभाभी तुझ्या शेजारीच राहते. पोराचं कौतुक करायचंच असेल तर त्याच्या अभ्यासाचं कर. निवड होऊन तो तिसऱ्या नंबरावर आमच्याकडे येईपर्यंत तेवढं तोंड आवर, पाया पडतो.

ता. क. दुसरा : आत्ताच दर्शनचा फोन आला. म्हणतो कसा, रांधीन, पण "वन इयर ओन्ली, दादा, मग मी फ्री", आणि एसीखालचा पलंग पाहिजे. तो पलंग माझा आहे. दिला. वर्षाने गेला तर जाऊ दे, तेव्हा भरपाईचा नंबर आम्हालाच मिळेल. शांतपणे विचार केला, तर साहेबाचा नियम तसा न्याय्यच आहे.