जावयाने ठोकून पाहिलेली भिंत

ब्राह्मणपारा, रायपूर
मंगळवार

ती. जयंतभाऊजींच्या चरणी रामकृष्णाचा नमस्कार.

तुमचा गुडघा आता वाकू लागला असेल आणि विनीताताईची साखर आटोक्यात असेल, अशी आशा करतो. आमच्याकडे माणसं बरी आहेत. नव्या घराची तब्येत तुम्ही विचारलीच नाहीत, म्हणून मीच कळवतो.

बांधकाम खात्यात तुमची तेहतीस वर्षं गेली, तेव्हा घर घेण्याआधी ते तुम्ही तपासावं हा हट्ट माझाच होता. त्यात तुम्ही घरचे जावई. तुम्ही भाजी अळणी म्हणालात की आमच्याकडे सगळे वरून मीठ घेतात (आईच्या वेळेपासून). त्यामुळे तुम्ही घरमालक लोकेश भैयांच्या बैठकीत शिरलात, किल्ल्यांच्या जुडग्याने भिंत तीनदा ठोकलीत आणि 'मजबूत आहे' म्हणालात, तिथेच तपासणी संपली. पुढचा दीड तास तुम्ही खिडकीजवळच्या खुर्चीत बसून त्यांना पुलांच्या गोष्टी सांगत होता.

मी तेवढ्यात हिंडून आलो. मोटर बिघडल्यामुळे गच्चीवरची टाकी कोरडी होती (असं लोकेश भैया म्हणाले). बाथरूमला लागून असलेल्या भिंतीपुढे लोखंडी कपाट होतं आणि त्यामागून एक डाग मान काढून बघत होता. तुम्हाला दाखवला, तर तुम्ही म्हणालात, जुना आहे, मेलेला आहे. विनोदिनी माझ्या कानाशी लागली, "तुमी काहून गप बसून राहिले? पानी मुरून राहिलं इथं कुठंतरी." मला वाटलं, ती म्हण वापरते आहे.

तरी धीर करून मी यादी केली. भिंत, बाथरूमच्या फरश्या, गच्चीची भेग, विजेचा बोर्ड. रजिस्ट्रीच्या आधी एवढं मालकाने करून द्यावं. मथळ्यावरून झालेली चर्चा तुम्हाला आठवत नसेल, मला पाठ आहे. आमची ओवी म्हणाली, "बाबा, मरम्मत लिखो ना." (पोट्टीला मराठी समजतं, उत्तर हिंदीत येतं.) तुम्ही तिला गप्प केलंत. मरम्मत माणसांची करतात, घराची दुरुस्ती असते, हिंदीत शेपूट छाटून 'दुरुस्त' लिहा, म्हणालात. मी सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'मकान में दुरुस्त', खाली चार कलमं, त्याखाली माझी सही. लोकेश भैयांनी कागद दोनदा वाचला आणि माझ्याकडे देवमाणसाकडे पाहावं तसं पाहिलं. मग प्रत्येक कलमाला 'हव' म्हणत त्यांनीही सही केली आणि कागद जपून ठेवला. (इथे हव म्हणजे हो. हो म्हणजे काय, ते ज्याचं त्याने समजायचं.)

रजिस्ट्री झाली, रेल्वेचं क्वार्टर सोडलं, राहायला आलो, टाकी भरली. तिसऱ्या दिवशी भिंतीला घाम फुटला. आता पोपडे ताटात येतात. बोर्डाला हात लावला की बोर्डही आपल्याला हात लावतो, त्यामुळे विनोदिनी रबरी चप्पल घालून देवघरातला दिवा लावते.

मिस्त्री कधी पाठवता, असं विचारायला मी लोकेश भैयांकडे गेलो. त्यांनी तोच कागद काढला. "आपने ही तो लिखके दिया है भैया. दीवार दुरुस्त, बाथरूम दुरुस्त. इतना तो हम भी नहीं बोलते थे." हिंदीत दुरुस्त म्हणजे ठणठणीत, भाऊजी. तेहतीस वर्षांच्या अनुभवाने आपण त्या घराला निरोगीपणाचा दाखला देऊन बसलो होतो.

वकिलाकडे गेलो. ते म्हणाले, राजीनामा कर लीजिए. मी सांगितलं, मी मागच्याच वर्षी रिटायर झालो. ते पोटभर हसले आणि मग म्हणाले की हिंदीत राजीनामा म्हणजे समझोता. तोही झाला. लोकेश भैयांनी मला ते कपाट फुकट दिलं.

तुमच्याविषयी मनात काही नाही. अठ्ठावीस वर्षं विनोदिनीने क्वार्टरच्या सरकारी पिवळ्या भिंती पाहिल्या आणि एक तरी भिंत आपल्या आवडीच्या रंगाची हवी म्हणून फिका निळा रंग स्वतः जाऊन आणला. ओल्या भिंतीवर तो धरत नाही. डबा बंदच आहे, ती रोज त्याच्यावरची धूळ पुसते.

विनीताताईला नमस्कार. गुडघ्याला शेक चालू ठेवा.

आपला,
रामकृष्ण

ता. क. तुमचं किल्ल्यांचं जुडगं खिडकीत राहिलं होतं. जपून ठेवलं आहे.

ता. क. २. घर विकायचं ठरवलं आहे. रविवारी पराग नावाचे एक गृहस्थ बायकोला घेऊन बघायला येत आहेत, नुकतेच बदलून इथल्या ऑफिसात आलेत, आपल्याच नागपूरकडचे, भले वाटतात. तुम्ही कृपा करून शनिवारीच या. टाकी तोवर रिकामी केलेली असेल. कपाट जुन्या जागी लावलं आहे (चारही पायांच्या खुणा फरशीवर होत्याच). तुमची खुर्ची खिडकीजवळ ठेवतो. जुडगं हातात देईन, तीनदाच ठोका.

ता. क. ३. पराग फोनवर विचारत होते, दुरुस्ती करून द्याल ना? मी हव म्हटलं.