बाबांच्या डाव्या पायाविषयी

ती. आत्या,

साष्टांग नमस्कार. (लिफ्टच्या मशीनरूमच्या शिडीवरून घसरल्यामुळे माझा उजवा गुडघा सध्या रजेवर आहे, तेव्हा सात अंगांचाच गोड मानून घे.) तुझं पित्त, तुझी पाठ आणि तुझ्या शेजारणीचा स्वभाव, तिन्हींना उतार पडला असेल अशी आशा आहे.

मागच्या पत्रात तू दटावलं होतंस, की बाई म्हणून जगायचं ठरवलं आहेस तर खुशाल जग, पण हार्मोनचं औषध कुणी डबीतून काढून दिलं म्हणून तोंडात टाकू नकोस. आधी धड डॉक्टर शोध, मगच मला पत्र लिही. तर आत्या, डॉक्टर सापडल्या. एवढं वाचून तू चष्मा काढून ठेवलास तरी चालेल. पण सात महिने मी जे जोडे झिजवले त्याची कुणीतरी दखल घ्यायला हवी, म्हणून पुढचं लिहिते.

पहिले डॉक्टर फार प्रेमळ. इतके, की माझं म्हणणं ऐकून त्यांनी कंपाउंडरला आत बोलावलं, मग शेजारच्या दातांच्या डॉक्टरांना, आणि नावं लिहून घेणारी बाई तर न बोलावताच आली. सगळ्यांनी मला नीट पाहिलं, तपासलं मात्र कुणीच नाही. शेवटी माझ्या धैर्याचं कौतुक करून त्यांनी जीवनसत्त्वाच्या गोळ्या लिहून दिल्या. (धैर्याला लागत असतील.) दुसऱ्यांकडे गेले तेव्हा माझा कानही दुखत होता. एका फेरीत दोन कामं उरकावीत, हा माझा हावरटपणा. त्यांनी कानात न बघताच निदान केलं, की हे सगळं ‘त्यातूनच’ होतंय. ‘त्यातलं’ मी अजून काहीच घेतलेलं नाही म्हटल्यावर म्हणाले, नुसत्या विचारांनीही होतं. तिसऱ्या दिवशी कानातून हा एवढा मळाचा खडा निघाला. माझे विचार इतके घट्ट असतील असं मला वाटलं नव्हतं.

तिसऱ्यांनी काहीच विचारलं नाही. मी खुर्चीला टेकते न टेकते तोच चिठ्ठी तयार. रक्त तपासायचं का, असं मीच विचारलं, तर म्हणाले, कशाला, जास्त झालं तर कळेलच. आत्या, मी बारा वर्षं लिफ्ट दुरुस्त करतेय. बंद पडलेल्या लिफ्टचं झाकण उघडण्याआधी मी वॉचमनला दहा प्रश्न विचारते: कधीपासून, कोणत्या मजल्यावर, आधी आवाज येत होता का, माझ्याआधी कुणी हात लावला होता का. लोखंडाच्या डब्याची एवढी चौकशी आणि माझी काहीच नाही? चिठ्ठी त्यांच्याच टेबलावर ठेवून बाहेर पडले आणि बसस्टॉपवर बसून पोटभर रडले. वाटलं, हे आपल्या नशिबातच नाही, गप्प बसावं. (हे तुला कळवायचं नव्हतं. लिहून गेलं, आता खोडत नाही.)

मग गेल्या महिन्यात एका दवाखान्याची लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली. आत एकटी बाई. अडकलेली माणसं सहसा रडतात किंवा माझा उद्धार करतात. मी फटीतून ओरडले, “घाबरू नका, आत्ता दार ओढते!” आतून शांत आवाज आला, “ओढू नका. मेन स्विच बंद केलात का?” वॉचमनने केला असेल, असं मी म्हणाले. “असेल नको. बघून या, मी थांबते.” तणतणत चार जिने चढून गेले. स्विच चालूच होता. बारा वर्षांत कुणी माझी अशी जिरवली नव्हती. बाहेर आल्यावर त्यांनी आभार मानले आणि मी लंगडतेय हे बघून गुडघा कधीपासून दुखतोय ते विचारलं. त्या गेल्या त्या दारावरची पाटी वाचली: हार्मोनतज्ज्ञ. हातातल्या पान्यासकट आत शिरले.

पाऊण तास, आत्या! वजन, रक्तदाब, झोप, सिगारेट (सोडली, तोंड वाकडं करू नकोस), रक्ताच्या चार तपासण्या. काय बदलेल, काय नाही, किती महिने लागतील. पुढे मूल हवंसं वाटलं तर त्याचा विचार आताच करायला हवा, हेसुद्धा. (आवाज बदलणार नाही म्हणाल्या. म्हणजे लिफ्टच्या खड्ड्यातून हाका मारायची सोय कायम.) एका प्रश्नाला “नक्की माहीत नाही, वाचून सांगते” म्हणाल्या आणि दोन दिवसांनी खरंच फोन केला. नाव एकदाच विचारलं आणि मी सांगितलं तेच लिहिलं. बाहेर पडले तेव्हा इतकं हलकं वाटत होतं, की पाना टेबलावरच राहिल्याचं संध्याकाळी लक्षात आलं.

तेव्हा माझी मुळीच काळजी करू नकोस. मला काहीही नको आहे.

तुझी भाची
(हा शब्द पहिल्यांदाच लिहिला. बरा दिसतो.)

ता. क. घरात कुणाच्या पायाच्या शिरेत रक्ताची गाठ झाली होती का, असं डॉक्टरांनी विचारलंय. आपल्या घराण्याची दुखणी तुला तारीखवार पाठ आहेत. मी शाळेत असताना बाबांचा डावा पाय सुजून ते आठवडाभर दवाखान्यात होते, तेव्हा काय निघालं होतं? तुला आठवत नसेल तर तुझ्या भावालाच विचारावं लागेल. मीच विचारलं असतं, पण दोन वर्षं ते माझा फोन उचलत नाहीत.

आणखी ता. क. कशाला हवंय असं ते म्हणाले, तर विम्याच्या कागदांची वगैरे थाप मारू नकोस. कुणासाठी आणि कशासाठी, ते खरं सांग.

शेवटचं ता. क. गाठीची शंका असेल तर गोळीऐवजी त्वचेवर चिकटवायची पट्टी देतात. काहीच कळलं नाही तर डॉक्टर येत्या सोमवारी पट्टीनेच सुरुवात करणार आहेत. म्हणजे बाबांच्या पायावाचून माझं काही अडलेलं नाही. तरी विचार. आणि तो पाय आता कसा आहे, तेही विचार.