पगार कमी करून मिळणेबाबत

मु. पो. कुरुंदा, ता. वसमत
शनिवार, २२ मार्च २००३

तीर्थरूप किसनदादांना धाकट्या अनुसयाचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. द्वारकावहिनींनाही तसाच, पण त्यांना सांगा की नमस्कार लांबूनच घ्यावा, कारण सध्या मी रागात आहे आणि रागातल्या माणसाचा नमस्कार लागत नाही म्हणतात. तुमचा गुडघा कसा आहे? एरंडाचं पान गरम करून बांधता की नुसतं वहिनींना बोलून दाखवता? म्हैस व्याली का? व्याली असेल तर खरवस खाताना बहिणीची आठवण कुणाला झाली का? (झाली नसणार. झाली असती तर उचकी लागली असती, आणि मला महिनाभरात फक्त रॉकेलच्या वासाने ठसका लागला आहे.) इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत, फक्त पगार वाढला आहे.

हसू नका दादा, आधी सगळं वाचा. तुमचे दाजी अकरा वर्षं जळबाराव मालकांच्या गोदामात हळदीला पॉलिश करायच्या ढोलावर आहेत, हे तुम्हाला ठाऊकच आहे. माणूस घरी येतो तेव्हा कान पिवळे, भुवया पिवळ्या, बनियन तर लग्नातल्यासारखं. महिना बाराशे. अकरा वर्षांत एक खाडा नाही, नीता झाली त्या दिवशीसुद्धा दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत येऊन तोंड पाहून गेले. तर मागच्या पंधरा ऑगस्टला मालकांच्या मनात काय आलं कोण जाणे, शाळेच्या मैदानात झेंडावंदन झाल्यावर त्यांनी यांना स्टेजवर बोलावलं, शाल-नारळ दिला आणि लाउडस्पीकरवरून जाहीर केलं की रामजी विठोबा यांचा पगार आजपासून शंभर रुपयांनी वाढवून तेराशे केला आहे. कर्ण्यातून यांचं पुरं नाव ऐकलं आणि माझ्या डोळ्यांना पाणी आलं, खोटं का सांगू. लग्नाच्या पत्रिकेनंतर यांचं पुरं नाव कुणी घेतलंच नव्हतं. सासूबाई तर शेजारणीला विचारत होत्या की ह्यो आपलाच रामजी का. पण स्टेजवर कोण कोण बसलं होतं ते ऐका: सरपंच, तलाठी आणि रेशनवाला. सगळ्यात जोरात टाळ्या रेशनवाल्याने वाजवल्या. तेव्हाच मला कळायला हवं होतं.

फेब्रुवारीत पिवळ्या कार्डांची फेरतपासणी निघाली. वर्षाचं उत्पन्न पंधरा हजारांच्या आत असेल तर पिवळं कार्ड, वर गेलं की केशरी. पिवळ्यावर महिन्याला पस्तीस किलो धान्य, तेही आपल्याला झेपेल अशा भावात. केशरीवर नुसता रांगेत उभं राहायचा मान. मी पिशवी घेऊन गेले तर रेशनवाल्याने गव्हाच्या पोत्यावर खडूने तेराशे गुणिले बारा करून दाखवलं, पंधरा हजार सहाशे. म्हणाला, वहिनी, अभिनंदन, तुमी आता गरीब न्हाई राहिलात. दादा, मी घरी येऊन हिशोब केला. पगारात शंभर आले आणि धान्यात महिन्याला दोनशे गेले. म्हणजे पगार वाढला नाही, शंभराने कमी झाला, आणि वर शाल मिळाली! घरात खाणारी सहा तोंडं. त्यातली तीन लेकरं वाढत्या वयाची, आणि सासूबाई म्हातारपणात नव्याने वाढायला लागल्यासारख्या जेवतात. (हे वाक्य त्यांना वाचून दाखवायचं नाही.) बापाने जास्त राबायचं आणि त्या राबण्यापायी लेकरांच्या ताटातली भाकर उचलायची, हा कुठला न्याय? आणि वर टाळ्या!

माझी निंदणी-खुरपणीची मजुरी यात धरलेली नाही, हे एक बरं झालं. तलाठ्याला मी आपणहून सांगत होते, तर ते म्हणाले, बाईचं काय धरायचं, ती घरखर्चालाच जाते. जन्मभर ह्या वाक्याने माझं डोकं फिरलं, आणि पहिल्यांदाच त्याचा फायदा झाला, म्हणून गप्प बसले.

आमच्या शेजारचे संतराम तुम्हाला आठवतात का? (पोराच्या जावळाला ज्यांनी बँड लावला होता आणि तुम्हाला नाचायला लावलं होतं ते.) दारात ट्रॅक्टर, ओसरीवर रंगीत टीव्ही, आणि कार्ड पिवळं! जमीन चौघांच्या नावावर चार तुकडे, ट्रॅक्टर सासूच्या नावावर, आणि सासू स्वतःच्या नावावर वेगळी निराधार. मी विचारलं, भाऊजी, तुमचं कसं हो टिकलं? तर मिशीला पीळ देऊन म्हणतात, वहिनी, उत्पन्न कमवायचं असतंय, सांगायचं नसतंय. आमच्या घरचं तर कर्ण्यावरून सांगून झालं होतं.

मग मी थोरल्या पुनमला कामाला लावलं. नववीला आहे, अक्षर मोत्यासारखं. तिने फुलस्केपवर अर्ज लिहिला: प्रति, माननीय जळबाराव मालक, विषय, पगार कमी करून मिळणेबाबत. महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून आपणास विनंती की दिनांक पंधरा ऑगस्ट रोजी केलेली वाढ आम्हास सोसत नसल्याने ती परत घ्यावी. खाली शाळेत शिकवल्याप्रमाणे 'प्रत माहितीस्तव तहसील कार्यालय' असंही लिहिलं. ती प्रत घेऊन मी वसमतला गेले. कारकुनाने एकदा वाचलं, चष्मा पुसला, पुन्हा वाचलं आणि सगळ्या खोल्यांतली माणसं बोलावली. मला खुर्ची दिली, चहा दिला. इतका मान कचेरीत मला कधी मिळाला नव्हता. शेवटी म्हणाले, बाई, पगार वाढवून मागणारे अर्ज ढिगाने येतात, कमी करून मागायचा नमुनाच आमच्याकडे नाही. पण एक कामाची गोष्ट सांगितली: एप्रिल ते मार्च अशा वर्षाच्या पगाराचा दाखला मालकाच्या सहीने एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात द्यायचा, त्यावर कार्डाचा रंग ठरेल.

मालक अर्ज वाचून लालबुंद झाले. सत्कार परत करता व्हय, म्हणाले, मंडपाचे पैसे कोण देणार? मी सगळं समजावून सांगितलं तेव्हा निवळले. माणूस मनाने वाईट नाही. म्हणाले, एवढंच ना, दाखल्यावर बाराशे लिहून देतो, वरचे शंभर दसऱ्याला एकरकमी हातात घ्या. मी लगेच हो म्हणाले. दादा, मी तर आनंदाने मालकिणीच्या पायासुद्धा पडले! आणि तुमचे दाजी? ढोल बंद करून बाहेर आले आणि म्हणाले, न्हाई मालक, तेराशे घेऊन राहिलो तर तेराशेच लिहा. खोटं लिहायचं असतं तर अकरा वर्षांमागंच लिहिलं असतं. अहो, ह्या माणसाला खरेपणाची खोड आहे. जत्रेत वजनाच्या काट्यावर उभं राहताना चप्पल काढतात. मी दोन दिवस बोलले नाही. तिसऱ्या दिवशी बोलले, कारण मला युक्ती सुचली होती आणि ती सांगायला दुसरं कुणी नव्हतं.

खरं उत्पन्नच कमी करायचं! खाडे करायचे! सहाशे रुपये जास्त होतात ना, एका दिवसाचे त्रेचाळीस, म्हणजे चौदा दिवस बिनपगारी घरी बसायचं. कागद खरा, सही खरी, कार्ड पिवळं. दिवसभर राबून जे धान्य वाचत नव्हतं ते बाजेवर पडून वाचणार होतं. हे ऐकून यांनी अंगावरची हळद झटकली, मग म्हणाले, यात खोटं काही दिसत न्हाई. सोळा तारखेच्या रविवारी बसले.

बसले म्हणते मी, पण ह्या माणसाला बसायला येतच नाही. पहिल्या दिवशी नीता झोपेतून उठून आली, भर दुपारी बाप बाजेवर बघून घाबरली आणि कपाळाला हात लावून म्हणाली, बाबा, तुमाला बरं न्हाई का? चार वर्षांची पोर, तिने बाप उजेडात पाहिलाच कुठे होता! त्या दिवशी यांनी तिला खांद्यावर घेऊन सगळं शिवार दाखवलं. दुसऱ्या दिवशी सासूबाईंचं डोकं तेल लावून विंचरून दिलं. तिसऱ्या दिवशी तांड्यावरचा धर्मसिंग सायकल मारत आला, विहिरीवरची मोटार बंद पडून राहिली म्हणाला. हे गेले, मोटार सुरू केली, आणि त्याने पन्नास रुपये दिले. घेतले! आणि घरी येऊन पुनमच्या वहीत लिहायला लावले, उत्पन्न, रुपये पन्नास. परवा कुणाचा तरी फवारणीचा पंप दुरुस्त करून तीस आणले. झाले ऐंशी. म्हणजे बसायचे दिवस आणखी दोन वाढले. घरी बसून हा माणूस इतकं कमावतो, की घरी बसणंच परवडत नाही! मी म्हटलं, फुकट करा. तर म्हणतात, धर्मसिंग फुकटचं काम घेत न्हाई, त्याचा अपमान होतो.

त्यात हळदीचा ऐन हंगाम. काल स्वतः मालक दारात आले. ढोलावर नवा माणूस बसवला तर त्याने दोन पोती हळद घासून घासून पेन्सिली केल्या. मालकांना वाटतंय की दुसऱ्या व्यापाऱ्याने यांना फोडलं. म्हणाले, रामजी, आणखी पन्नास देतो, पण ये. मी विळी टाकून धावले आणि म्हटलं, मालक, तुमच्या पाया पडते, पण पगार वाढवू नका! बिचारे डोकं धरून गेले. तर आज सातवा दिवस. मार्च संपायला नऊ दिवस राहिले, आणि हिशोबाने बसायचेही नऊच राहिले आहेत. एक दिवस इकडेतिकडे झाला तर कार्ड गेलं.

बाकी सर्व ठीक. वहिनींना पापडाचं पीठ जमलं का विचारलं म्हणून सांगा. लेकरांना आशीर्वाद.

तुमची,
अनुसया

ता. क. : पत्र लिहिण्याचं खरं कारण राहिलंच. दादा, यांना उद्याच नऊ दिवसांसाठी तुमच्याकडे पुसेगावला बोलावून घ्या. गुडघ्याचं निमित्त करा. पण तुमच्या कडबाकटरचा पट्टा तुटलाय हे मला वहिनींच्या चिठ्ठीतून कळलं आहे; तो यांच्या नजरेला पडू देऊ नका, गोठ्यावर ताडपत्री टाका. आणि निघताना हातात पैसे ठेवायचे नाहीत. टोपी-टॉवेलसुद्धा नको, हे त्याची किंमत विचारून वहीत लिहितील.

ता. क. दुसरा, वेगळ्या हातचा : किसनराव, रामजीचा रामराम. पत्र आज संध्याकाळच्या पुसेगावच्या जीपवाल्याला द्यायला माझ्याकडं दिलं. पाकीट उघडं होतं म्हणून वाचलं. हिनं सगळं खरं लिहिलं, एक हिशोब तेवढा चुकला. पगार पंधरा ऑगस्टला वाढला. त्याच्या आधीचे साडेचार महिने बाराशेनंच गेले. ते धरले तर वर्षाचे पंधरा हजार दीडशे होतात, सहाशे वर जात न्हाईत. मधले ऐंशी धरून सहा खाडे पुरत होते. सहावा काल झाला. कार्ड राहिलं. मला हे पहिल्याच दिवशी कळलं होतं. पण अकरा वर्षांत होळीची पोळी मी दिवस बुडाल्यावर गारच खाल्ली, औंदा पहिल्यांदा तव्यावरून खाल्ली. लहानीला शिवार दाखवलं. म्हणून गप राहिलो. खोटं कधी लिहिलं न्हाई, यावेळी खरं सांगितलं न्हाई, एवढंच. हे लिहिलेलं तिला दाखवूनच पत्र जीपवाल्याला देईन. पुढच्या वर्षी मात्र चौदा पुरे लागतील, ते होळीलाच धरून घ्यावे म्हणतो.

ता. क. तिसरा : दादा, वाचलं. भांडायला तोंड उघडलं होतं, पण समोर पिवळे कान खाली घालून उभे होते, मग मिटलं. हे सोमवारी गोदामात येतील म्हणून मालकांना निरोप देणार होते, तो आता देत नाही. उद्याच्या जीपने हे येत आहेत, आणि दोन दिवसांसाठी मीही येते आहे. वहिनींना सांगा, पुरण शिजवा आणि आम्हा दोघांना तव्यावरून वाढा. माझी मजुरी कुणी धरलीच नाही, तर माझा खाडा तरी कोण धरणार?