पदराने पुसलेला प्याला

वणी, रविवार, ५ फेब्रुवारी १९६१. संध्याकाळ.

पदरावरचा द्राक्षरसाचा डाग दोनदा धुतला, जात नाही. सकाळी उपासनेत सगळ्यांनी एकामागून एक प्यायचा प्रभुभोजनाचा प्याला सखूबाईकडून माझ्या हाती आला. ती झाडूवाली, महिन्यापूर्वीच बाप्तिस्मा झालेला. मी पदराने काठ पुसला आणि मग प्यायले. पाळकाची बायको मी! हात आपोआप गेला म्हणावं, तर आजवर कुणामागून पिताना कसा नाही गेला? माझ्या आईच्या ओंजळीत लोक वरून पाणी ओतायचे, हे मीच दर मंगळवारी बायांच्या प्रार्थनासभेत सांगते. यांच्यापुढे कबूल करायची हिंमत नाही. हा डागही लपवलाय.

उपासनेनंतर सखूबाईच जवळ आली. "बाई, माह्यं चुकलं. पुढच्या खेपेले मी सर्वाइच्या मांगून पीन."

मी म्हटलं, "बरं."