व्याह्यांच्या पेनड्राइव्हची झडती

गोदावरी हाइट्स, सातारा परिसर, औरंगाबाद
दसऱ्याचा दुसरा दिवस, २०१२

तीर्थस्वरूप श्रीरंगराव व्याही यांच्या चरणी हेमचंद्राचे शिरसाष्टांग नमस्कार. (वयानं आपण माझ्याहून थोडे धाकटेच आहात, पण मुलाकडच्यांना वय नसतं.) आपली प्रकृती, सौ. विहीणबाईंचे गुडघे, परसातली बोअर आणि आपला राग, ही चारही कशी आहेत ते कळवावं. पहिल्या दोहोंना आराम पडावा, तिसरीला पाणी लागावं आणि चौथ्याला उतार पडावा, अशी प्रार्थना करून पत्रास सुरुवात करतो. इकडचं म्हणाल तर टँकर येतो त्या दिवशी सर्व क्षेम असतं. आमच्या इमारतीचं नाव बिल्डरनं गोदावरी ठेवलं, पाणी ठेवायचं मात्र राहून गेलं. पाटबंधारे खात्यात उभा जन्म घालवलेल्या माणसानं बादली घेऊन टँकरमागं धावावं, हे बघून कॉलनीतली पोरंसुद्धा आता हसायची थांबलीत.

पत्रास कारण की, नीरजा आणि मिहिरराव दिवाळसणाला येणार नाहीत, असा आपला निरोप पोचला. औरंगाबादेत पाण्याचे हाल आहेत, सुनेनं काय टँकरच्या पाण्यानं अभ्यंगस्नान करायचं, हे कारणही पोचलं. व्याह्यांच्या लासूर स्टेशनला तरी कुठं पाट वाहताहेत, असं आमची सौ. कालिंदी म्हणाली. मी तिला गप्प केलं. (ती गप्प झाली नाही, पण मी केलं.) खरं कारण पाणी नाही, आमचा कॉम्प्युटर आहे, हे आपण सभ्यपणानं लिहिलं नाहीत, म्हणून मीच लिहितो. धोंड्याच्या महिन्यात आपण जावयाचं वाण घ्यायला सहकुटुंब आलात आणि माझ्या घरात, माझ्या यंत्रानं, आपल्या पेनड्राइव्हला भरल्या पंगतीनंतर चोर म्हटलं. त्याची क्षमा मागण्यासाठी हे पत्र आहे. क्षमा मागण्याआधी ते यंत्र इतकं तोंडाळ कसं झालं ते सांगणं भाग आहे, नाहीतर मी ते मुद्दाम पढवलं असं आपण समजाल. (समजलाच असाल.)

त्याचं असं झालं. मी सोसायटीचा सेक्रेटरी, टँकरच्या पाळ्या माझ्याच कॉम्प्युटरवर. शिवाय नीरजाचे बारशापासून लग्नापर्यंतचे सगळे फोटो मी स्कॅन करून त्यात घातलेले. तेव्हा व्हायरसपासून बंदोबस्त हवा, आणि पेन्शनीत तो फुकट हवा. म्हणून आधी शहागंजात गेलो. तिथं एका दुकानदारानं काउंटरखालून झेरॉक्सच्या कव्हरमधली सीडी काढली आणि म्हणाला, चचा, फुकट की चीज कायकू लेते, ये लेव, असली है, पूरे साल की. मी बिल मागितलं तर त्यानं माझ्याकडं अशा दयेनं बघितलं की मला माझ्याच तब्येतीची काळजी वाटली. व्हायरस मारायचं औषध चोरीचं घ्यावं हे मनाला पटेना. मग वरच्या मजल्यावरचा कारभारी (हे त्याचं नाव, पद नव्हे) आला. हा वाळूजला कंपनीत आहे, गावाकडं शेती आहे, आणि ज्यात त्याला काही कळत नाही असा विषय अजून निघायचा आहे. तो म्हणाला, काका, फुकट हाय ना, मग एकावर का भागवता? तीन घाला. एक झोपला तर दुसरा जागा ऱ्हातो. मला ते रखवालदाराच्या हिशेबानं एकदम पटलं. तीन घातले. त्यांनी व्हायरसकडं ढुंकूनही बघितलं नाही. तिघं एकमेकांनाच पकडायला लागले. पहिला म्हणे दुसरा संशयास्पद आहे, दुसरा म्हणे तिसऱ्याला आत घेतलं कुणी, आणि त्या धुमश्चक्रीत कॉम्प्युटर असा मंदावला की 'क' दाबून चहा घेऊन यावं तेव्हा पडद्यावर 'क' उमटे. कारभाऱ्याला बोलावलं तर म्हणाला, व्हय, असं होतंय कधी कधी. आणि गेला वाळूजच्या बसला.

तेव्हा मी जाहिरातीतून स्थळं बघावीत तसे हे फुकटवाले एकेक तपासले. फुकट या शब्दाचे इतके अर्थ असतात हे मला सरकारी नोकरीतसुद्धा कळलं नव्हतं. एक महिनाभर फुकट, पुढं पैसे भरा नाहीतर तुमचं तुम्ही बघा. एक स्वतः फुकट, पण आपल्याबरोबर चार पाहुणे घेऊन आला. माझं गूगल उचकटून त्याजागी स्वतःचंच काहीतरी लावलं, आणि मी 'पंचांग' शोधलं तर मला जुगार खेळायला बोलावू लागला. आणि एक तर महा बेरकी. त्यानं तपासणी फुकट केली, अमुक इतके धोके सापडले म्हणून लाल अक्षरांत यादी दाखवली, आणि काढायचे असतील तर कार्ड नंबर मागितला. चोर दाखवायचा फुकट, धरायचे पैसे. (हा नक्कीच कुठल्यातरी खात्यातून निवृत्त झाला असणार.) शेवटी एक साधा मिळाला. त्याच्या कंपनीच्या स्वतःच्या साइटवरून उतरवला, सोबत येऊ पाहणाऱ्या पाहुण्यांच्या चौकटींतल्या टिकखुणा एकेक करून काढल्या, आधीचे तिघं काढले आणि हा एकटाच ठेवला. दोष एवढाच, की काही सापडलं की तो आधी भोंगा वाजवी आणि मग एक बाई खणखणीत इंग्रजीत 'धोका आढळला आहे' असं जाहीर करी. कालिंदी तिला 'तुमची बाई' म्हणे. ती बाई बरेच दिवस अगदी शहाण्यासारखी गप्प होती. मला तर वाटायला लागलं होतं की ती नुसतीच बसून खाते.

आणि मग आपण आलात. अनारसे झाले, वाण झालं, आणि आपण कोटाच्या खिशातून पेनड्राइव्ह काढून, आपल्या घराण्याचा कुलवृत्तांत कुठपर्यंत आला ते दाखवतो म्हणालात. बँकेतून निवृत्त झाल्यावर आपण त्यासाठी गावोगाव फिरलात, किती जणांची दारं वाजवलीत, हे मला ठाऊक आहे आणि त्याचा मला आदरच आहे. (एकदा पूर्ण ऐकल्यावरही आहे, यावरून तो किती खोल आहे ते ओळखावं.) मी पेनड्राइव्ह लावला. भोंगा झाला. बाई ओरडली. आणि पडद्यावर लाल चौकट आली, तीत धोक्याचं नाव: कुलवृत्तांत. विहीणबाईंनी विचारलं, काय म्हणते हो ती? आमच्या स्वरालीनं लगेच भाषांतर करून सांगितलं. धाकटीला कुठं गप्प बसावं ते अजून शिकवायचं आहे. मिहिरराव कंपनीच्या सिस्टिम डिपार्टमेंटला. ते म्हणाले, फुकटवाले असंच बोंबलतात, यात काही नसतं. आपण चष्मा काढून पुसलात. श्रीरंगराव, पाटबंधारे खात्यात मोठे मोठे साहेब मी चष्मा पुसताना बघितलेत, पण असा घाम मला कधी फुटला नव्हता.

आता मला सांगा, मी काय करायला हवं होतं? सोयऱ्यांच्या पिशवीत कुणी हात घालून बघतं का? दारात आलेल्या व्याह्याला, थांबा, आधी खिसे दाखवा, असं म्हणायची आपल्यात रीत आहे का? लग्नात आपल्याकडच्या एका गृहस्थांच्या बॅगेत आमच्या हॉलच्या चादरी निघाल्या, तेव्हासुद्धा आम्ही त्यांना बॅग बंद करायला मदत केली. मी बाईला 'परवानगी आहे' असं बटण दाबून सांगितलं. ती ऐकेना, पुन्हा ओरडली. तेव्हा मी आपल्या सर्वांच्या देखत तिला मुळापासून काढून टाकली, म्हणजे घराबाहेरच घातली म्हणा ना. मग कुलवृत्तांत उघडला आणि आपण मूळपुरुषापासून चहाच्या वेळेपर्यंत वाचून दाखवलात. मला वाटलं, मिटलं.

दुसऱ्या दिवशी कॉम्प्युटर लावला तर प्रत्येक फोल्डर जागच्या जागी, नाव तेच, आणि उघडलं की आत काही नाही. टँकरच्या पाळ्या नाहीत. (तिसऱ्या मजल्यावर दोन कुटुंबं एकाच पाण्यावरून हातघाईवर आली, ते सोडून देऊ.) नीरजाचे फोटो नाहीत. ती सासरी गेल्यापासून मी ते रोज सकाळी उघडून बघत असे, हे कालिंदीलाही ठाऊक नव्हतं. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. पण मी आपल्याला एक अक्षर कळवलं नाही, कारण व्हायरस झाला तरी तो वरपक्षाकडून आलेला, त्याची तक्रार कशी करायची? पुढं ती बाई परत आणली, हातापाया पडून बसवली, आणि आता सगळं ठीक आहे. तेव्हा झाल्या प्रकारात दोष सर्वस्वी माझा, माझ्या यंत्राचा आणि माझ्या फुकटेपणाचा. आपला पेनड्राइव्ह निर्मळ, आपलं घराणं निर्मळ, आणि माझं मन तर काय, आपण बघतच आहात. राग सोडावा आणि मुलांना सणाला पाठवावं, ही हात जोडून विनंती. विहीणबाईंना नमस्कार, मिहिररावांना अनेक आशीर्वाद.

आपला आज्ञाधारक,
हेमचंद्र

ता. क. मिहिररावांनी आपल्याकडच्या कॉम्प्युटरवर परस्पर विकतचा अँटीव्हायरस घातला आणि तेव्हापासून कुलवृत्तांत नाहीसा झाला आहे, हे आम्हाला कळलं. फार वाईट वाटलं. कालिंदीलाही वाटलं, जरा उशिरा.

ता. क. येत्या रविवारी मिहिरराव तो कॉम्प्युटर पेनड्राइव्हसकट फॉरमॅट, म्हणजे पुसून कोरा, करणार आहेत असं ऐकतो. त्यांना आवरा. कुलवृत्तांत कुठंही गेलेला नाही. हा व्हायरस खरी फोल्डरं आत लपवून ठेवतो आणि त्याच नावाची सोंगं बाहेर बसवतो. अँटीव्हायरस सोंगांना मारतो, पण लपलेल्यांना बाहेर बोलावत नाही. त्याला वेगळा मंत्र आहे; माझे फोटो त्यानंच परत आले. फॉरमॅट केलंत तर मात्र मूळपुरुषासकट सगळे कायमचे गेले.

ता. क. तो मंत्र मला फोनवरून नीरजानं सांगितला, आपल्याच स्वयंपाकघरातून, हळू आवाजात. कॉम्प्युटरची पदवी तिची आहे, हे बायोडाटात दुसऱ्याच ओळीत लिहिलं होतं. आपण स्वयंपाकाच्या ओळीपासून वाचायला सुरुवात केलीत. दोन महिने घरात सगळे हळहळताहेत आणि तिला एकानंही विचारलेलं नाही.

ता. क. तिला दोष देऊ नये. ती पहिल्याच दिवशी, न विचारता, करून द्यायला निघाली होती; स्वभाव आईचा आहे. मीच तिला माझी शपथ घालून थांबवलं आहे. शपथ माझी आहे, सोडवणारही मीच, आणि ती मी समोरासमोरच सोडवतो, फोनवर नाही. तेव्हा धनत्रयोदशीच्या सकाळच्या पॅसेंजरमध्ये दोघांना बसवून द्या. मी स्टेशनवर येऊन उभा राहतो.