खुर्चीवरचा टॉवेल

पप्पा, गेल्या सोमवारी मी तुमच्यासारखीच साहेब झाले. खातं तुमचंच, ऑफिस वेगळं. धायरीहून निघून स्वारगेटच्या गर्दीत अडकले होते, तेव्हाच ठरवलं की खुर्चीवरचा पांढरा टॉवेल पहिल्याच दिवशी काढायचा. त्यावरून मी तुमच्याशी किती भांडले होते! कॉलेजात मी समतेवर भाषणं ठोकायचे, आणि एकदा तुमच्या ऑफिसात येऊन पाहते तर घरी बनियनवर भांडी घासणारे माझे वडील टॉवेल घातलेल्या खुर्चीत ताठ बसलेले. संध्याकाळी मी म्हटलं, हा थाट तुम्हाला शोभत नाही. तुम्ही कांदा चिरत होतात. सुरी न थांबवता म्हणालात, "माझ्या बापानं अशाच खुर्चीसमोर उभ्यानं अर्ज दिलेत. तुला खुर्ची मिळाली की काढ तुझा टॉवेल." मला तो टोमणा वाटला, आणि तो होताच.

तर काढला. दुसऱ्या दिवशी टॉवेल पुन्हा हजर, तोही इस्त्री करून. पुन्हा काढला, तेव्हा आमचे म्हातारे शिपाई, ज्यांना सगळे मामा म्हणतात, दार लोटून घेऊन हळूच म्हणाले, "मॅडम, आजवर सगळ्या साहेबांना टॉवेल होता. तुमच्याच खुर्चीला नसला, तर लोक वेगळा अर्थ काढतील." मामा आपल्यातले नाहीत, पप्पा. पण आपल्याकडे लोक कसं बघतात हे त्यांनी नोकरीभर पाहिलंय. मला भरून आलं. ज्यांच्या घरात पिढ्यानपिढ्या खुर्ची आहे त्यांनी टॉवेल काढला तर तो साधेपणा. आपण काढला तर लोकांना वाटतं, दिलाच नसेल. शिवाय साहेबाचा मान गेला की शिपायाचाही थोडा जातो, हे माझ्या भाषणांत कधी नव्हतं. सत्ता फक्त वरच्यालाच हवी असते असं मी समजत होते. टॉवेल राहिला.

माझ्या परीनं एक केलं. टेबलासमोर दोन खुर्च्या टाकून घेतल्या, येईल त्याला आधी बसवायचं. पहिलेच आजोबा आले ते म्हणाले, "उभाच बरा हाय मी." आग्रह केल्यावर टेकले, तेही कडेवर. पण निघेपर्यंत पाठ टेकवून गप्पा मारत होते. त्या दिवशी मी गुणगुणत घरी आले. तुम्ही असतात तर टॉवेल आणि खुर्च्या, दोन्हींवर हसला असतात.

मी सुखात आहे, पप्पा. हे पत्र कुठे पाठवायचं नाही, म्हणून एवढंही सांगते. मी आत शिरले की सगळे उठतात, आणि मी रोज म्हणते, बसा, उठू नका. काल नवा आलेला कारकून खरंच उठला नाही. मी हसून पुढे गेले. जेवणाच्या सुट्टीत मामांना सहज विचारल्यासारखं त्याच्याबद्दल विचारलं. नाव नाही, आडनाव.