दारातल्या समुद्राची व्यवस्था

मी, या कागदाखाली सही करणारा, वय एकोणपन्नास, धंदा काचकाम, पुढच्या आठवड्यात हृदयाच्या शस्त्रक्रियेला जाणार आहे. डोके ठिकाणावर आहे, कोणाची जबरदस्ती नाही. परमेश्वराने परत पाठवले तर त्याची कृपा. नाही पाठवले तर माझ्यामागे पुढीलप्रमाणे व्हावे.

१. घरातला माझ्या वाटणीचा भाग आणि बँकेतली शिल्लक पत्नीची, तिच्यानंतर मुलीची. मेहुण्याने नेलेली शिडी त्याच्याकडेच राहू द्यावी. मागून मागून माझे तोंड दुखले.

२. काच कापायचे हिऱ्याचे कटर मुलीला. तिचा हात माझ्यापेक्षा सरळ चालतो. दुकान चालवायचे की नाही हे तिने ठरवावे, नातेवाइकांनी नव्हे.

३. मत्स्यालय. वडिलांमागे वाटण्या झाल्या, तेव्हा दोन्ही भागांमधले दार बंद करायचे ठरले. धाकटा भाऊ गवंडी. तो विटा घेऊन आला. मी म्हणालो, "भिंत नको, काच लावतो." चौकटीच्या मापाची उभी, अरुंद टाकी करून मी तीत खाऱ्या पाण्यातले मासे सोडायचे ठरवले. शोभेचे मासे विकणाऱ्या मासेवाल्याने कपाळाला हात लावला. "अहो काका, हे मत्स्यालय आहे की लिफ्ट? तळ साफ करायला एवढा लांब हात कुठून आणाल?" पण मी हट्टाला पेटलो होतो. पिंपात मीठ विरघळवले, खडक रचले, पाणी आठवडेच्या आठवडे मुरू दिले. पाणी उडून जाते, मीठ मागे राहते, म्हणून वरून साधेच पाणी घालायचे, हे मासेवाल्यानेच शिकवले.

लोक म्हणाले, भाऊ असावा तर असा. भिंतीच्या जागी समुद्र आणला. मलाही ते खरे वाटले. पण विटांची भिंत फोडता येते. जिवांनी भरलेले दार कोण फोडणार?

आई भावाच्या बाजूला, त्या दाराला लागून खाटेवर असायची. एकमेकांकडे जायचे तर गल्लीतून वळसा. तिचे पाय चालत नव्हते. मला सवड नव्हती. ती काचेवर टकटक करायची. खाणे आले समजून मासे तिकडे धावायचे. खडकांच्या फटीतून मला तिची बोटे दिसायची, की मी वरून चिमूटभर खाणे टाकायचो. एवढेच आमचे बोलणे.

एका सकाळी टकटक जोरात झाली. पंपाच्या घरघरीत, जाड काचेतून हाक ऐकू येत नव्हती. मी खाणे टाकले. पुन्हा टकटक झाली, मी पुन्हा टाकले. भावजय गल्लीतून धावत आली तेव्हा कळले. मी पोचेपर्यंत आई गेली होती.

भाऊ एवढेच म्हणाला, "दादा, मी काच वाजवत होतो. तू माशांना भरवत होतास." त्यानंतर तो माझ्याशी बोललेला नाही. मासे मी नीट सांभाळले. त्यांचा काय दोष? फक्त सकाळी हात जोडायला बसतो ते टाकीकडे पाठ करून. माझ्यामागे टाकी काढावी, मासे मासेवाल्याला द्यावेत आणि दार मोकळे करावे.

४. धाकट्या भावाला मी काहीही ठेवलेले नाही. वाचणाऱ्याने गैरसमज करून घेऊ नये. वकील म्हणाले, ज्याला काही मिळणार त्याला साक्षीदार करू नका. मला भावाची सही हवी आहे, आणि सही करायला माणसाला समोर यावे लागते. दुसरी युक्ती सुचली नाही.

मुलीला त्याच्याकडे पाठवले. ती निरोप घेऊन आली, "काका म्हणाले, सही करीन, पण गल्लीतून फिरून येणार नाही."

पत्नी म्हणाली, "अहो, मग वाट कसली बघताय? मरायची?"

म्हणून कलम तीनमधला आदेश रद्द. मासे काल पिंपांत घालून मासेवाला घेऊन गेला. जिवंतपणीच दिले, त्यामुळे तोही साक्षीदार म्हणून चालतो. टाकी मुलीने सोडवली. आज सकाळी चौकटीतली मिठाची रेघ पुसून मी कागद हातात घेऊन या बाजूला उभा राहिलो.

पलीकडून भाऊ म्हणाला, "मी येत नाही. तूच ये इकडे, दादा. त्या दिवशी यायचं राहिलं ना."

ठिकाण: भावाची खोली, आईच्या खाटेवर बसून
तारीख: टाकी रिकामी केल्याच्या दुसऱ्या दिवशी

सही: थोरला भाऊ, काचकाम
साक्षीदार: धाकटा भाऊ, गवंडी
साक्षीदार: मासेवाला